धाकटीने सांगितल्याप्रमाणे

माझ्याच घरात जायला मी तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने माझे पांढरे केस बघून ज्येष्ठांचं अर्धं तिकीट पुढे सरकवलं, ते मी परत केलं आणि पूर्ण मागितलं. तपासणीला जाणाऱ्याने सवलत घेऊ नये. मागे उभी असलेली माझी भाची पुटपुटली, "झालं, झाली सुरुवात." ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे कुणी तोंड उघडलं की पुढे काय त्रास आहे हे तिला लगेच कळतं.

तपासणी कसली, ते आधी सांगते. किनाऱ्यापासून बोटीने पाऊण तासावर एक लहानसं बेट आहे. त्यावर एकच घर, घराभोवती बाग, बाकी सगळा खडक. घर माझ्या पणजोबांनी बांधलेलं. मी तिथे जन्मले आणि बावीस वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढले. बाबा गेल्यावर मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे या भाचीच्या आईने, ते एका संस्थेला देऊन टाकलं. आता लोक ते बघायला येतात. दानपत्रात बहिणीने हट्टाने एक कलम घातलं होतं, की घराबद्दल लोकांना काय सांगायचं यात कुटुंबाचा शब्द अखेरचा. आता बहीणही नाही. त्या घरात वाढलेल्यांपैकी मी एकटीच उरले आहे, म्हणून संस्थेच्या सचिवांचं पत्र माझ्याकडे आलं.

तिथली गाईड पाहुण्यांना बागेबद्दल मनाला येईल ते सांगते, अशी इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी लेखी तक्रार केली होती. फोनवर सचिव अधिक मोकळेपणाने बोलले. "बाई, तुम्ही फक्त एक ओळ लिहा, की ही माहिती खोटी आहे. पुढच्या महिन्यापासून आपण कानाला लावायची यंत्रं आणतोय, सगळं रेकॉर्ड केलेलं. तुमची ओळ हातात आली की तिला मोकळं करता येईल."

मी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पाठ्यपुस्तकं, कोश, वेळापत्रकं, लग्नपत्रिका. दुसऱ्याची चूक दिसली की माझ्या हाताला खाज सुटते. एक ओळ मी घरबसल्याही लिहून टाकली असती, आणि खरं सांगायचं तर पत्र वाचूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आमच्या घराबद्दल कोणी उपटसुंभ बाई वाट्टेल ते बरळते म्हणजे काय? पण न वाचता शेरा मारणं आमच्या धंद्यात बसत नाही. म्हणून पर्समध्ये लाल पेन्सिल आणि छोटी वही टाकली, भाचीला सोबत घेतलं आणि घर देऊन टाकल्यावर अडतीस वर्षांनी पुन्हा त्या बोटीत बसले. मी कोण ते तिथे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी भाचीला ताकीद दिली.

"आणि चेहऱ्यावरून ओळखलं तर?" तिने विचारलं.

"कोण ओळखतंय? बाबांचं नाक तुझ्या आईला गेलं. माझ्या वाट्याला फक्त त्यांचा स्वभाव आला."

"ते तर कुणीही ओळखेल," भाची म्हणाली.

धक्क्यावर गाईड उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली, डोक्यावर रंग उडालेली निळी टोपी. बुटांचे तळवे झिजून एका बाजूला कलले होते, म्हणजे दिवसातून बऱ्याच फेऱ्या होत असणार. तिने मला उतरवायला हात पुढे केला. "या आजी, सांभाळून."

"मला हात नको," मी म्हटलं, "आणि आजीही नको."

"बरं आजी," ती म्हणाली आणि माझा हात धरून मला उतरवलंच.

आम्ही चौदा जण होतो. आधी घर, मग बाग, असा क्रम. मी पेन्सिल काढून सगळ्यांत मागे राहिले. घरात तिची एक चूक सापडेल तर शपथ! जेवणघरातलं सोळा माणसांचं टेबल कोणत्या साली आलं, खिडक्यांच्या काचा दोन रंगांच्या का आहेत, आईचं शिवणाचं मशीन बंद पडलं तेव्हा बोटीतून कारागीर कसा आणावा लागला, सगळं चोख. जिन्याला सत्तावीस पायऱ्या आहेत असं ती म्हणाली, तेव्हा मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली, कारण जन्मभर मी अठ्ठावीस चढले होते. हळूच मागे राहून मोजल्या. सत्तावीसच होत्या. वहीत लिहिलेलं मला खोडावं लागलं, आणि भाचीने ते बघितलं.

बाबांच्या खोलीत मात्र पेन्सिल हातातच राहिली. टेबल तसंच होतं, खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून. काचेच्या कपाटात त्यांच्या पावसाच्या नोंदींच्या वह्या ओळीने लावलेल्या होत्या.

"या घराचे मालक रोज सकाळी सात वाजता पाऊस मोजायचे," गाईड सांगत होती. "नसला तरी मोजायचे. मग वहीत लिहायचे, 'पाऊस नाही'. एक दिवस चुकला नाही."

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी शहरात नोकरीला गेल्यावर बाबांची पत्रं यायची ती अशीच. अमुक तारखेला इतका पाऊस, तमुक तारखेला नाही. खाली सही. त्यात माझी चौकशी नसायची, आणि मीही उत्तरात त्यांची करत नसे. मी कपाटाकडे बघितलं. वह्यांच्या ओळीत एका जागी फट होती, एक वही बसेल एवढी. मी विचारलं, "इथली वही कुठे गेली?"

"आं? नसेल तेवढी," असं म्हणून गाईड चटकन पुढच्या दाराकडे वळली. मी लिहिलं: एक वही कमी. गाईड गडबडली. आता कुठे धागा हाताला लागला, असं मला वाटलं.

आणि बागेत शिरताच तिला जे तोंड फुटलं! कोपरा तुटलेल्या दगडी बाकाजवळ ती थांबली. म्हणे इथे आरमाराचा एक बडा अधिकारी पणजोबांशी बुद्धिबळ खेळायला बसला, सातव्या चालीला त्याचा वजीर गेला, आणि त्याने संतापून तलवारीचा असा वार केला की दगडाचा टवका उडाला. मी लिहिलं: थाप. तो कोपरा ढकलगाडी आदळून तुटला होता, माझ्या डोळ्यांसमोर. मग विहीर. म्हणे बेटावरच्या सगळ्या विहिरी खारट होत्या, पण कुटुंबातल्या एका आत्याची अंगठी हिच्यात पडली आणि सहाव्या दिवसापासून पाणी गोड झालं. थाप. मग बिनकाट्यांचं लिंबू. म्हणे एका काकूने मुलांना ओरखडे नकोत म्हणून नखं कापायच्या कात्रीने त्याचे काटे रोज इतके कापले, की शेवटी झाडानेच कंटाळून काटे सोडून दिले. लोक तोंडाचा आ करून ऐकत होते. भाचीसुद्धा.

"आईने हे कधी सांगितलं नाही मला," ती कुजबुजली.

"कारण तुझी आई शुद्धीवर असायची," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. एका ओळीत काम होणार होतं, सचिवांचं बरोबर होतं. मी मनातल्या मनात ती ओळ जुळवायलाही लागले. सदर माहिती निराधार असून.

मग ती सावलीच्या घड्याळापाशी आली. दगडी चौथऱ्यावर पितळी तबकडी, मधोमध उभी पट्टी.

"हे घड्याळ पुढे आहे," गाईड म्हणाली. "घर बांधणाऱ्या पणजोबांनी मुद्दाम तसं बसवून घेतलं. कारण पाहुणे उशीर करायचे, चारची बोट चुकायची आणि मग रात्रीच्या जेवणाला थांबायचे. हे घड्याळ बघून ते लवकर उठायला लागले. बरोबर बावीस मिनिटं पुढे आहे."

माझ्या पायाखालची वाळू सरकली.

घड्याळ पुढे आहे, ते वीस मिनिटं. बसवणाऱ्या गवंड्याची चूक होती, बाबांनी ती मोजून ठेवली होती. बावीस कुणीच कधी म्हटलं नव्हतं. बावीस फक्त मी म्हणायचे. खोटं बोलताना आकडा गोल असू नये, हे मला आठव्या वर्षीच कळलं होतं.

आमच्याकडे एक रीत होती. पाहुणे दहाच्या बोटीने यायचे आणि चारच्या बोटीशिवाय त्यांना सुटका नसायची. जेवणानंतर मोठी माणसं पेंगायची, तेव्हा पाहुण्यांना बाग दाखवायचं काम घरातल्या सगळ्यांत लहान माणसाचं. ते माझ्याकडे आलं तेव्हा बाबांनी मला माहिती पाठ करून दिली. कोणतं झाड कधी लावलं, रोप कुठून आणलं, उंची किती. तिसऱ्या झाडाशी पाहुणे जांभया द्यायचे. मला ते सहन होईना. मग बाक आला, विहीर आली, काकूची कात्री आली. पाहुणे हसायचे, मागे झारी घेऊन चालणारे माळीकाका खाली मान घालून हसायचे, आणि मी फुशारून जायचे.

तेरा वर्षांची असताना एक न्यायाधीश पाहुणे आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी बाबांना काकूच्या कात्रीबद्दल विचारलं. बाबांनी चमचा खाली ठेवला. "ही खोटारडी आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हिच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नका." त्या दिवसापासून बागेचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पाहुणे आले की मी माडीवर जाऊन दार लावून बसायचे. मी पुन्हा कधी गोष्ट सांगितली नाही. कुणालाच नाही. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं, आणि आपण किती काटेकोर, याचा अभिमान बाळगला. त्या गोष्टी मी इतक्या नेटाने विसरले होते, की तीन ऐकूनही मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. इथे तर चोरच पंच होऊन आला होता.

मी मागे वळून त्या तुटक्या बाकावर जाऊन बसले. लोक पुढे गेले. थोड्या वेळाने गाईड एकटीच पाण्याची बाटली घेऊन आली, मागोमाग भाची.

"आजी, बरं वाटत नाही का?"

"या गोष्टी तुम्हाला कुणी सांगितल्या?" मी विचारलं.

"माझ्या आजोबांनी. ते इथले माळी होते."

मी तिच्याकडे नीट बघितलं. माळीकाकांचे रुंद कान टोपीखाली होते. "आणि तुमच्या आजोबांना?"

"मालकांकडून आल्या."

"अशक्य," मी म्हटलं. "तो माणूस पाऊस नाही हेसुद्धा मोजून लिहायचा. तो बागेत उभा राहून असल्या थापा मारेल?"

तिचा चेहरा उतरला. "तुम्हीही संस्थेच्याच का? वहीत लिहीत होता, तेव्हाच मला शंका आली होती." तिने टोपी काढली. "लिहा काय लिहायचं ते. सचिव म्हणालेत, घरच्यांचं पत्र आलं की माझा निर्णय. नऊ वर्षं झाली मला इथे. पण खोटं मी नाही सांगितलं. माझ्याकडे मालकांच्या हातचं आहे."

"मग ते दाखवलं का नाहीस त्यांना?" भाचीने विचारलं.

"वही घरातली आहे ना. मालकांनी जाण्याआधी आजोबांना दिली, पण त्याला साक्षीदार कोण? आजोबांनी नेली असं म्हणतील. नोकरी गेली तर दुसरी बघेन. मेलेल्या माणसावर चोरीचा आळ कसा येऊ देऊ?"

ती तिकिटघरामागच्या आपल्या कपाटातून एक डबा घेऊन आली. डब्यात फडकं, फडक्यात वही. कपाटातल्या फटीत बसली असती अशीच, तोच काळा पुठ्ठा. मी उघडली. पहिल्या पानावर बाबांचं उभं, टोकदार अक्षर. तारीख होती मी घर सोडल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची. आणि मथळा, दोनदा अधोरेखित केलेला:

'बागेची माहिती. धाकटीने सांगितल्याप्रमाणे.'

"धाकटी मुलगी शहरात गेली," गाईड सांगत होती, "आणि मालकांनी आजोबांना खोलीत बोलावलं. म्हणाले, तू झारी घेऊन तिच्या मागे असायचास. ती काय काय सांगायची ते आठव. आजोबा घाबरले, आता हे काय नवीन. पण मालकांनी त्यांना समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्या खोलीत ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. आठ दिवस ते सांगत होते आणि मालक लिहीत होते. त्यानंतर पाहुणे आले की मालक हेच सांगायचे. शब्दन् शब्द. हसायचे नाहीत म्हणे, अगदी साल-तारीख सांगावी तसं सांगायचे."

मी पानं उलटली. बाक. सातवी चाल. विहीर, सहावा दिवस. काकूची कात्री. एकही दुरुस्ती नाही. फक्त सावलीच्या घड्याळाच्या पानावर एक खोडाखोड होती. 'वीस मिनिटे' लिहून खोडलं होतं, वर 'बावीस', आणि समासात बारीक अक्षरात: 'प्रत्यक्षात वीस. माळी म्हणतो, ती बावीस म्हणायची. बावीसच ठेवावे.'

चौतीस वर्षांत मी लाखो दुरुस्त्या बघितल्या. खऱ्याचं खोटं करणारी, आणि तरी बरोबर असलेली, ही एकच. मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, नाक लाल होईपर्यंत. त्यांनी मला पत्रातून एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं, असं मी मोठ्याने म्हणालेही. भाचीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गाईडला म्हणाली, "ही ती धाकटी."

गाईडला कळायला जरा वेळ लागला. मग ती माझ्याशेजारी मटकन बसली. "मग तुम्हीच सांगा त्यांना! हे सगळं खरं आहे म्हणून!"

"खरं काहीच नाही," मी म्हटलं. "सगळं मी रचलेलं. आठ-नऊ वर्षांची होते."

"पण वहीत लिहिलंय, धाकटीने सांगितल्याप्रमाणे. मला वाटलं, धाकटी मुलगी फार अभ्यासू असणार."

"गणितात दोनदा नापास."

ती टोपी हातात फिरवत राहिली. "म्हणजे नऊ वर्षं मी लोकांना फसवलं. ते प्राध्यापक बरोबर होते. आता कुठल्या तोंडाने उभी राहू इथे?"

आता तिला तशी सोडून मी बोटीत बसले असते, तर न्यायाधीशांसमोर बाबांनी जे केलं तेच मी केलं असतं. मी डोळे पुसले, चष्मा लावला आणि वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली.

"इकडे बघ," मी म्हटलं. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं. "तुझ्याकडून एकच चूक झाली. मजकूर तू चोख सांगितलास, आकडासुद्धा हलू दिला नाहीस. पण मथळा गाळलास. बाबा खोटं सांगत नव्हते, ते आधी मथळा सांगत असणार. 'धाकटीने सांगितल्याप्रमाणे.' तेवढं म्हटलं की पुढे सगळं खरं होतं. मी सांगितलं होतं, हे तर खरंच ना?"

तिने मान वर केली. "आजोबा प्रत्येक गोष्टीआधी ते म्हणायचे. मला वाटायचं, ती त्यांची बोलायची सवय."

"पाहुण्यांना आवडेल ते," भाची म्हणाली. "मला तर जास्त आवडलं. आणि थापा तुझ्याच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?" दातांवरची म्हण ती कुठेही लावते, पण या वेळी बसली.

सचिवांचं पत्र पर्समध्येच होतं. मी ते मांडीवर उलटं ठेवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेन्सिलीने लिहिलं: 'बागेची माहिती तपासली. ती मीच पूर्वी दिलेली आहे. बागेच्या फाटकावर पाटी लावावी: इथून पुढे, धाकटीने सांगितल्याप्रमाणे. यंत्रे घरात लावायची तर लावा, बागेत नकोत. बाग माळ्याची नातच दाखवेल. बागेच्या माहितीची वही मालकांनी माळ्याला दिलेली असून ती माळ्याच्याच घरी राहील. बाकी दुरुस्ती नाही. छापण्यास हरकत नाही.' दानपत्रातल्या कलमाचा आकडा घातला, म्हणजे सचिवांना पळवाट नको. खाली माझं नाव लिहायला गेले आणि थांबले. मग लिहिलं, 'धाकटी'.

गाईडने ते वाचलं, परत वाचलं. मग विचारलं, "ते हरकत नाही म्हणजे मी राहिले ना?"

"राहिलीस. आणि ते बूट बदल, तळवे गेलेत."

चारची बोट लागली तेव्हा ती आम्हाला सोडायला धक्क्यावर आली. या वेळी मी स्वतःहून हात पुढे केला. फाटकाजवळ एक झाड होतं, घराकडे पाठ करून धक्क्याच्या दिशेने चांगलंच झुकलेलं. मी इथे राहत होते तेव्हा ते नव्हतं.

"हे मालकांनी लावलं," ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर त्याच वर्षी. याचं वहीत काहीच नाही. लोक रोज विचारतात, हे असं का वाकलंय. मी सांगते, वारा."

वाराच असणार. त्या बाजूला वारा तसाच येतो. मी झाडाकडे बघितलं, मग पाण्याकडे. बोटीवाल्याने भोंगा दिला, भाची ओरडली, "मावशी, चल!" पण अठ्ठावन्न वर्षांनी माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं, आणि ते गिळायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"वाऱ्याने नाही," मी म्हटलं. "लिहून घे."

तिने माझ्या हातातली लाल पेन्सिल घेतली, बाबांच्या वहीतलं पहिलं कोरं पान उघडलं, त्यावर आधी मथळा लिहिला आणि म्हणाली, "हं, सांगा."